गंगथडीची माती : नाशिक परिसरातील गोदावरीच्या पूरमैदानाची घडण

पूर ओसरल्यावर नदीच्या दोन्ही काठांवर गाळाचा जो थर साचतो, त्याच्या वर्षानुवर्षे होणाऱ्या संचयातून पूरमैदान तयार होते, ही व्याख्या शालेय पुस्तकांतूनही आढळते. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. ह्या व्याख्येवरून असा समज होतो की, नदी गाळ आणते, काठ उंचावतो आणि ही क्रिया एकाच दिशेने अखंड चालू राहते. प्रत्यक्षात नदी काही सहस्रके गाळ साचविते व पुढील काही सहस्रके तोच गाळ कापून नेते. ती केव्हा साचविते व केव्हा कापते हे आकाशातून पडणाऱ्या पाण्यावर जसे अवलंबून असते, तसेच खोऱ्याच्या उतारांवर काय उगवते आणि तेथे कोण नांगर धरतो ह्यावरही अवलंबून असते. नाशिकपासून नेवाशापर्यंतच्या गोदावरी-प्रवरा खोऱ्यात ह्या दोन कारणांची गुंतागुंत विशेष स्पष्टपणे वाचता येते. येथील लोक गोदावरीस ‘गंगा’ म्हणतात व तिच्या काठच्या पट्ट्यास ‘गंगथडी’. ही थडी एकदाच घडून संपलेली नाही, तर अनेकदा घडली व अनेकदा मोडली.

उत्तर हिंदुस्थानातील गंगेच्या मैदानाशी ह्या गंगथडीची तुलना करू नये. तेथे गाळाचे थर शेकडो मीटर खोल आहेत. येथे काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, पठारावर गाळाची एक अरुंद पट्टी पसरलेली आहे आणि तिची जाडी फार तर तीस-चाळीस मीटरांपर्यंत जाते. नाशिकच्या पश्चिमेस गंगापूरजवळ सोमेश्वराच्या धबधब्यात नदी उघड्या खडकावरून उडी घेते. तेथे गाळाचे नाव नाही म्हटले तरी चालेल. शहर ओलांडून नदी निफाडच्या बाजूस आली, दारणा व कादवा ह्या उपनद्या तिला मिळाल्या, की खोरे रुंदावते व काठच्या दरडी उंच होतात. पावसाचा उतारही असाच तीव्र आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, नाशिकला सुमारे सातशे, आणि आणखी पूर्वेस सिन्नर-नेवाशाकडे पाचशेच्या आसपास. अर्थात नदीला पाणी देणारा प्रदेश वेगळा आणि तिचा गाळ साठविणारा प्रदेश वेगळा. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस होतो आणि पूर मात्र अशा गावांच्या दारी येतो की, जेथे त्या दिवशी कदाचित एक सरही पडलेली नसते.

दरडींतील थर

पावसाळ्यानंतर नदीकाठच्या एखाद्या ताज्या ढासळलेल्या दरडीपाशी उभे राहिले तर खालून वर साधारणपणे पुढील क्रम दिसतो. तळाशी खडक, त्यावर गोट्यांचा व जाड वाळूचा थर, तो चुन्याने इतका घट्ट सांधलेला की पहार लागल्यावाचून फुटू नये, त्यावर पिवळसर-तपकिरी गाळ, त्यात चुनखडीचे खडे, आणि सर्वांत वर काळी माती. काही ठिकाणी गोटे व गाळ ह्यांचा हा क्रम दोनदा किंवा तीनदा आढळतो. ह्या थरांत केवळ माती नाही. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे पिलग्रिम ह्यांनी १९०५ मध्ये नांदूर मध्यमेश्वर येथील गाळात सापडलेल्या एका लुप्त जातीच्या हत्तीच्या अवशेषांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि गोदावरीचा गाळ किती जुना आहे ह्याची पहिली ठाम कल्पना अभ्यासकांस आली. पुढे डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया ह्यांनी नाशिकजवळ गंगापूर येथील गोट्यांच्या थरांतून अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे, हातकुऱ्हाडी व फरशा, गोळा केली. त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवरेकाठी नेवासे येथे तर एकावर एक अशा थरांत निरनिराळ्या काळांतील हत्यारे मिळून मध्य पुराणाश्मयुग नावाचा स्वतंत्र टप्पा भारतात प्रथम स्पष्टपणे ओळखता आला. मनुष्य ह्या थडीवर फार पूर्वीपासून वावरत होता. मात्र त्या काळी तो तिचा उपभोक्ता होता, घडविणारा नव्हे.

थरांचा अर्थ कसा लावावा हा प्रश्न मात्र दीर्घकाळ वादाचा ठरला, आणि त्याचे उत्तर जवळजवळ उलटे फिरले. आरंभीच्या पिढीतील अभ्यासकांचा तर्क सरळ होता. गोटे वाहून नेण्यास जोराचे पाणी लागते, म्हणून गोट्यांचा थर हा अतिवृष्टीच्या काळाचा. बारीक गाळ मंद पाण्यात साचतो, म्हणून तो कोरड्या काळाचा. आफ्रिकेत व युरोपात त्या वेळी आर्द्र व शुष्क कालखंडांच्या ज्या मालिका मांडल्या जात होत्या, त्यांच्याशी हे सारे सुरेख जुळत असे. इतके सुरेख जुळणारे उत्तर संशयास्पद असते, हे कोणत्याही विद्याशाखेचा इतिहास सांगतो.

पुढे डेक्कन कॉलेजमधील डॉ. शरद राजगुरू व पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातील डॉ. विश्वास काळे ह्यांच्या कामातून निराळे चित्र पुढे आले. त्यांचा ह्या विषयावरील संयुक्त निबंध १९८७ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा : वायव्य दख्खनमधील नद्यांनी आपली खोरी गाळाने भरली ती मुख्यतः मोसमी पाऊस दुर्बळ असताना, आणि भरलेला गाळ खोल कापला तो पाऊस प्रबळ झाल्यावर. प्रथमदर्शनी हे विपरीत वाटते. अधिक पाऊस म्हणजे अधिक धूप, हा शेतकऱ्याचा रोजचा अनुभव आहे. परंतु हा अनुभव नांगरलेल्या, उघड्या जमिनीचा आहे. नैसर्गिक अवस्थेत पाऊस वाढला की उतारांवर झाडी व गवत दाट होते. मुळे माती धरून ठेवतात, ओढ्यांतून नदीत उतरणारा गाळ घटतो, आणि पाणी तर वाढलेले असते. असे गाळाचे ओझे कमी व बळ अधिक असलेले पाणी आपल्याच पात्रास खणू लागते. उलट पाऊस घटला की उतार उघडे पडतात. वर्षातून जे मोजके वादळी पाऊस होतात ते उघड्या उतारावरून मणांनी माती खाली लोटतात. नदीत मात्र ती पुढे वाहून नेण्याइतके पाणी सातत्याने नसते. ओझे टाकल्यावाचून तिला गत्यंतर नसते, आणि खोरे भरत जाते.

कोणत्याही एका क्षणी नदी दोन राशींचा हिशेब करीत असते : उतारावरून किती माती आली आणि ती नेण्यास किती पाणी आहे. पूरमैदान हे ह्या हिशेबातील शिल्लक होय. मनुष्याने पुढे जो हस्तक्षेप केला तो दोन्ही बाजूंवर केला, पण एकाच वेळी नाही. त्याने आधी माती मोकळी केली, आणि पुष्कळ नंतर पाणी अडविले.

शेवटच्या हिमयुगाच्या अखेरच्या कोरड्या सहस्रकांत खोरी भरली. सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस बळावला आणि नद्या जुन्या गाळात खोल उतरल्या. आजच्या उंच दरडी हे त्या कापण्याचे फळ आहे. ह्या एका घटनेचा पुढील मानवी इतिहासावर झालेला परिणाम सहसा दुर्लक्षिला जातो. जुने पूरमैदान नदीच्या पाण्यापासून उंच राहिले. सामान्य पूर तेथवर पोचत नाही, तरी पाणी जवळ आहे, वर काळी माती आहे आणि पाय रोवण्यास कोरडी जागा आहे. वसाहतीस ह्याहून सोयीची जागा कोणती?

ताम्रपाषाणयुगातील शेतकरी

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ह्या उंच थडीवर शेतकऱ्यांची गावे दिसू लागतात. १९५०-५१ मध्ये डॉ. सांकलिया व डॉ. शां. भा. देव ह्यांनी नाशिक येथील नदीकाठची मातीची गढी व प्रवरेकाठचे जोर्वे (संगमनेर तालुका) येथे उत्खनन केले. जोर्वे येथील तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी असलेल्या भांड्यांवरून त्या संपूर्ण संस्कृतीस जोर्वे संस्कृती हे नाव मिळाले. नाशिकच्या गढीत त्या लोकांचे अवशेष सर्वांत खालच्या थरात, आणि तेही थोडे, मिळाले. त्यांच्यावर ऐतिहासिक काळातील नगराचे थर आहेत आणि मध्ये काही शतकांचा खंड आहे. हा खंड केवळ नाशिकपुरता नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादेत, नेवाशात, भीमेच्या खोऱ्यातील घोड नदीवरील इनामगावात, सर्वत्र कमी-अधिक फरकाने तो आढळतो. गावे भरभराटली, मग ओस पडली, आणि पुन्हा वस्ती झाली ती लोखंडाच्या व नाण्यांच्या युगात.

ती गावे ओस का पडली? ह्या प्रश्नाचे उत्तर पूरमैदानाच्या इतिहासाशी थेट जोडलेले आहे. इनामगावचे उत्खनन १९६८ पासून १९८३ पर्यंत चालले आणि महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांविषयी जे काही तपशिलाने सांगता येते त्यातील बहुतांश तेथून आले आहे. तेथे पुराचे पाणी वळवून नेणारा पाट व त्याच्या कडेने दगड-मातीचा बांध सापडला. जव हे तेथील मुख्य धान्य. नदीस अडविण्याची ही खटपट आजच्या मानाने किरकोळ होती, परंतु महाराष्ट्रात मनुष्याने पुराच्या पाण्याची वाट बदलल्याचा हा अगदी आरंभीचा पुरावा होय आणि म्हणून त्याचे मोल मोठे आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १००० नंतर, म्हणजे उत्तर जोर्वे काळात, तेथील चौकोनी प्रशस्त घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, भांडी सामान्य झाली, शिकारीवरील भिस्त वाढली आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास वस्ती संपली. डॉ. म. के. ढवळीकर ह्यांनी ह्या ऱ्हासाचे कारण हवामान कोरडे होत गेल्याचे मानले व त्याचा संबंध नाईल नदीच्या घटत्या पुरांशीही जोडला.

ह्या मताला मान्यता पुष्कळ मिळाली. तथापि ते जसेच्या तसे टिकलेले नाही. इनामगाव व इतर स्थळांतील बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून ग्वेन रॉबिन्स शुग ह्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, त्या अखेरच्या काळात मुलांची वाढ खुंटली होती ह्यात शंका नाही, परंतु हवामान एकाएकी बिघडले असे म्हणता येत नाही. दख्खनचे पठार ह्या शेतकऱ्यांच्या साऱ्या काळात अर्धशुष्कच होते. मग बदलले काय? एकाच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या चालणारी शेती, वाढती गुरे, सरपणासाठी तुटणारी झाडी, ह्यांचा भार त्या अर्धशुष्क भूमीने किती काळ सोसावा, हा प्रश्न येथे अपरिहार्यपणे उभा राहतो. हवामान की मनुष्य, असा द्वंद्वात्मक प्रश्न विचारण्यातच काही चूक असावी.

समुद्राच्या तळातील साक्ष

ह्या वादात एक महत्त्वाची साक्ष अनपेक्षित ठिकाणाहून आली. पूरमैदान हे अपुरे दप्तर आहे. नदी त्याची पाने स्वतःच फाडून टाकते. परंतु फाडलेली पाने कोठेतरी जाऊन पडतात. गोदावरीने वाहून नेलेली माती बंगालच्या उपसागरात तिच्या मुखासमोर थरावर थर साचत गेली आहे. तेथून काढलेल्या गाळाच्या एका लांब नळकांड्याचा अभ्यास करून कॅमिलो पोंटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये, आणि लिव्हियू जिओसान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाळात अडकलेल्या पानांवरील मेणाच्या रासायनिक घडणीवरून खोऱ्यात पाणीप्रिय वनस्पती अधिक होत्या की कोरडवाहू गवते, हे समजते. मातीच्या कणांतील मूलद्रव्यांच्या समस्थानिकांवरून ते कण दख्खनच्या काळ्या पाषाणाचे आहेत की पूर्वेकडील पुरातन खडकांचे, हेही ओळखता येते.

निष्कर्ष असा निघाला की, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून मध्य भारत टप्प्याटप्प्याने कोरडा होत गेला आणि ही क्रिया सुमारे सतराशे वर्षांपूर्वीपर्यंत चालली. ह्याच काळात समुद्रात जाणारी माती घटली नाही, वाढली. आणि तिच्यात दख्खनच्या काळ्या मातीचा वाटा वाढला. इतकेच नव्हे, तर मातीबरोबर जाणारा सेंद्रिय कर्ब अधिकाधिक जुना होत गेला. वरचा ताजा थर संपून खालची जुनी माती उघडी पडू लागल्याची ती खूण होय. संशोधकांच्या मते आरंभ हवामानाने केला. पाऊस घटला, झाडोरा विरळ झाला, धूप वाढली. त्यावर शेतीच्या प्रसाराने आणि पुढे लोहयुगात नांगर व कुऱ्हाड ह्यांच्या सामर्थ्याने भर घातली. दरडी वाचून राजगुरू-काळे ह्यांनी जे सांगितले, तेच समुद्रतळाने दुसऱ्या भाषेत सांगितले : मोसमी प्रदेशात कोरडेपणा मातीस जागेवर ठेवीत नाही, तिला मोकळी करतो.

हा अनुभव केवळ दख्खनचा नाही. जर्मनीतील नद्यांच्या काठी पसरलेला दुमट गाळाचा जाड थर पुष्कळ अंशी नवाश्मयुगापासूनच्या जंगलतोडीची निष्पत्ती आहे. चीनमधील पीत नदीचा पिवळेपणा वरच्या पठारावरील शेतीबरोबर गडद होत गेला. तेथील मातीचा पुरवठा मात्र अक्षय म्हणावा असा आहे. दख्खनवर तसे नाही. येथे मातीच्या खाली लगेच खडक आहे, आणि उतारावरून एकदा गेलेली माती त्या उतारास सहस्रके परत मिळत नाही. ती मिळते खालच्या थडीला. डोंगरातील शेतकऱ्याचे नुकसान आणि गंगथडीची समृद्धी ह्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

शिलालेखांतील शेते

सातवाहन-क्षत्रप काळापासून ह्या भूमीविषयी लेखी पुरावा मिळू लागतो आणि नाशिकचे भाग्य असे की तो तिच्या वेशीवरच आहे. शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या पांडवलेण्यांतील एका लेखात नहपानाचा जावई उषवदात ह्याने भिक्षूंच्या अन्नासाठी चार हजार कार्षापणांस एक शेत विकत घेऊन दिल्याची नोंद आहे. शेतजमिनीस मोजून किंमत देण्याजोगी मागणी होती हे त्यावरून उघड होते. त्याहून बोलका लेख गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळचा आहे. राजाने आपल्या कारकीर्दीच्या अठराव्या वर्षी काखडी नावाच्या गावातील दोनशे निवर्तने जमीन भिक्षूंस दिली. सहा वर्षांनी गोवर्धनच्या अमात्यास पुन्हा आज्ञा झाली की, ते शेत कसले जात नाही, गाव वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून शंभर निवर्तने द्यावीत.

काखडी का उजाड झाले हे लेख सांगत नाही. क्षत्रपांशी झालेले युद्ध हे कारण संभवते, आणि तेच बहुधा प्रमुख असावे. येथे महत्त्वाची बाब निराळी आहे. नांगराखालील क्षेत्र ही एकदा पुढे सरकलेली व कधीही मागे न हटणारी रेषा नव्हती. ते वाढे व आक्रसे. पडीक जमिनीवर झुडपे येत, पुन्हा मोडली जात. प्रत्येक वेळी मोडलेल्या जमिनीवरून पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत जी माती सुटते ती स्थिर शेतीपेक्षा पुष्कळ अधिक असते. दुष्काळ, लढाया व स्थलांतरे ह्यांचा लेखाजोखा म्हणूनच केवळ राजकीय इतिहासकाराचा विषय नाही.

मध्ययुगाविषयी येथे फार विस्तार करण्याचे कारण नाही. एक अपवाद मात्र नमूद केला पाहिजे. नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात, बागलाण व कळवण तालुक्यांत, मोसम व आरम ह्या गिरणेच्या उपनद्यांवर फड पद्धतीचे सिंचन काही शतके चालत आले. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखालील थळाचे फड, आणि प्रत्येक फडात सर्वांनी मिळून ठरविलेले एकच पीक. पाणी देण्यास पाटकरी व देखरेखीस हवालदार. हे बंधारे ठेंगणे होते. पूर त्यांच्यावरून जाई व बहुतांश गाळही आपल्याबरोबर नेई. पाण्याचा उपयोग करून घेताना नदीच्या हिशेबात फारशी ढवळाढवळ न करणारी अशी ही व्यवस्था होती. गोदावरीवर पुढे जे घडले त्याच्या तुलनेत तिचे स्मरण ठेवणे इष्ट आहे.

पाणी अडले, गाळही अडला

१८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे इगतपुरीस आली. लोहमार्गाच्या लाकडी पट्ट्यांसाठी व इंधनासाठी घाटमाथ्यावरील झाडीवर नवा भार पडला. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी दारणा धरण (१९१६) व त्याच्या खाली गोदावरी-कादवा संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा ह्या कामांनी नदीच्या इतिहासात प्रथमच गाळाची वाट अडली. नांदूर मध्यमेश्वर हे बंधाऱ्याने घडविलेल्या भूमीचे नमुनेदार उदाहरण आहे. कालव्यांसाठी पाणी वळविणे एवढाच तेथील हेतू होता. पण संथ झालेल्या पाण्यात दोन्ही नद्यांनी आपला गाळ टाकला, उथळ दलदल व बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि हिवाळ्यात हजारो स्थलांतरित पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये तेथे अभयारण्य घोषित झाले. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र ठरले. पिलग्रिमने वर्णिलेला हत्ती ज्या गावच्या गाळातून निघाला, त्याच गावी आज शंभर-सव्वाशे वर्षांचा नवा गाळ निसर्गाचे लेणे म्हणून जपला जात आहे.

ह्यात उपहास करण्यासारखे काही नाही, पण विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात वॉल्टर व मेरिट्स ह्या संशोधकांनी २००८ मध्ये असे दाखवून दिले की, तेथील ज्या नागमोडी ओढ्यांस व त्यांच्या काठच्या मैदानांस आदर्श नैसर्गिक नमुना मानून पाठ्यपुस्तके लिहिली गेली, ती मैदाने वस्तुतः सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील पाणचक्क्यांच्या बंधाऱ्यांमागे साचलेला गाळ होती. नदीचे ‘मूळ रूप’ कोणते मानावे, हा प्रश्न नांदूर मध्यमेश्वरीही तितकाच अडचणीचा आहे. गाळ काढला तर पाणी अधिक साठेल व पाणथळ आक्रसेल. न काढला तर पुराचे पाणी वरच्या गावांत फुगेल. दोन्ही मागण्या न्याय्य आहेत, आणि दोन्ही करणाऱ्यांचे निर्वाह त्याच थडीवर अवलंबून आहेत.

गंगापूरचे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. त्याची मूळ साठवणक्षमता ७,२०० दशलक्ष घनफूट होती, ती आज ५,६३० दशलक्ष घनफूट धरली जाते. घटीचे मुख्य कारण गाळ होय. म्हणजे घाटमाथ्यावरील जी माती पूर्वी निफाड-नेवाशाच्या थडीवर जाऊन पडली असती, तिचा एक मोठा भाग नाशिककरांच्या पिण्याच्या पाण्याची जागा व्यापून बसला आहे. खाली पैठणला जायकवाडी धरण १९७६ मध्ये कार्यान्वित झाल्यावर समुद्राकडे जाणाऱ्या मातीची वाट आणखी अडली. धरणांतील गाळ काढून तो शेतांत पसरविण्याची शासकीय योजना २०१७ पासून राबविली जात आहे. नदीचे काम मालमोटारीने करण्याचा हा प्रयत्न म्हटला तरी तो निष्फळ म्हणता येत नाही. मात्र नदी हे काम विनामूल्य करीत असे.

पूररेषा

नाशिक शहरात पुराची उंची सांगण्याची एक लोकमान्य रीत आहे. रामकुंडाजवळ नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यास पाणी लागले, कमरेस लागले, छातीस लागले, असे म्हणतात; त्याहून मोठ्या पुरात सराफ बाजारापर्यंत, सरकारवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी आल्याचे दाखले दिले जातात. १९६९ च्या महापुराचे, सप्टेंबर २००८ च्या व ऑगस्ट २०१६ च्या पुराचे, आणि ऑगस्ट २०१९ च्या पुराचे स्मरण लोक ह्याच मापाने ठेवतात. हे माप सोपे व टिकाऊ आहे, पण त्यात एक गोम आहे. मारुती पाण्याचे प्रमाण मोजत नाही, पाण्याची उंची मोजतो. पात्र रुंद असेल तर तेच पाणी गुडघ्यापर्यंत राहील, आवळले असेल तर कमरेस पोचेल. अठराव्या शतकात, पेशवाईत, येथे मंदिरे व घाट उभे राहिले. पुढे पूल, रस्ते, भराव, आणि २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास रामकुंड परिसरातील तळावर काँक्रीटचा थर, जो पुढे काही ठिकाणी काढण्यात आला. सरस्वती नाल्यासारखे ओहोळ झाकले गेले. वाघाडी व नासर्डी ह्यांच्या काठांवर वस्ती दाटली, आणि शहरातील फरसबंदी व डांबर ह्यांवरून पावसाचे पाणी जिरण्याऐवजी तासाभरात नदीत उतरू लागले. मारुती तोच राहिला, पात्र मात्र ते राहिले नाही. दोन पुरांची तुलना ह्या मापाने करताना ही दुरुस्ती केल्यावाचून हवामान बिघडले किंवा पूर्वीही असेच होत असे, ही दोन्ही विधाने सारखीच निराधार ठरतात.

२००८ च्या पुरानंतर शहरात पूररेषा आखण्याच्या मागणीस जोर आला. महाराष्ट्रात निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची व लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मध्ये सशर्त. नकाशावरील ह्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे कोणाचे घर पडते ह्यावर त्या घराचे मूल्य ठरते, पुनर्बांधणीची अनुमती ठरते. जुन्या गावठाणातील पिढीजात वाड्यांस ह्याची झळ विशेष बसते. नगररचनेच्या दृष्टीने रेषा अवश्य आहे ह्यात वाद नाही. परंतु शंभर वर्षांच्या पुराचे गणित बहुधा काही दशकांच्या मोजणीवरून मांडले जाते, आणि त्या दशकांत नदीवर धरण आलेले आहे, पात्र आवळलेले आहे, पाऊसही स्थिर नाही. पंचवीस व शंभर ह्या आकड्यांची निश्चितता कागदावर जितकी दिसते तितकी पाण्यात नसते.

येथे दरडींचा अभ्यास व्यवहारास उपयोगी पडू शकतो. मोठ्या पुराचे पाणी खडकाळ घळईच्या आडोशास क्षणभर संथ होते व तेथे बारीक वाळू-गाळाचा एक पापुद्रा सोडून जाते. असे पापुद्रे एकावर एक जपले गेले तर मापनयंत्रांच्या शेकडो वर्षे आधीच्या पुरांची उंची त्यांवरून काढता येते. नर्मदेवर पुनासा येथे डॉ. काळे व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी ह्या रीतीने सुमारे सतराशे वर्षांतील महापुरांची नोंद वाचली. १९५० नंतरचे काही पूर त्या दीर्घ नोंदीतही मोठेच ठरतात, असे त्यांस आढळले. गोदावरीच्या वरच्या टप्प्यात, गंगापूर-सोमेश्वरच्या खडकाळ भागात पाण्याची वाट अरुंद आहे, तर निफाडकडे गाळाच्या दरडी आहेत. पहिल्या ठिकाणी पुराची उंची सापडण्याचा संभव, दुसऱ्या ठिकाणी पुराने टाकलेल्या मातीचा काळ. धरणाच्या गाळात साठ वर्षांची अलीकडची नोंद आहे ती निराळीच. जलाशयातील गाळ मालमोटारीत भरला जाण्यापूर्वी त्याचे काही उभे नमुने काढून ठेवणे फारसे खर्चाचे नाही. एकदा तो शेतांत पसरला व नांगरला गेला की त्याचा क्रम पुन्हा लावता येणार नाही.